तीनशे बारा आणि चौसष्ट

"मॅडम, बोटाचं मशीन तीनशे बारा सांगून राहिलं अन् दंडावरचं चौसष्ट. कोनाचं खरं मानू?"

गुरुवार, सकाळचे साडेअकरा. फोनवर इमरान होता आणि त्याच्या मागे फळबाजाराचा गलका. इमरान म्हणजे करीमचाचांचा मुलगा. चाचांची अकोल्याच्या ठोक बाजारात संत्र्याची अडत आहे, आणि आमच्या क्लिनिकचे ते सहा वर्षांपासूनचे पेशंट.

मी जठारपेठेतल्या एका डायबेटिस क्लिनिकमध्ये डायटिशियन आणि एज्युकेटर आहे. डॉक्टर गोळी लिहून देतात. ती गोळी, जेवण आणि चालणं पेशंटच्या रोजच्या दिवसात कसं बसवायचं, ते मी सांगते.

"चाचा कसे आहेत?" मी विचारलं.

"पेटीवर बसवलं. घामानं सदरा भिजला. एकच गोष्ट तीनदा इचारली मले."

आता हे दोन आकडे काय ते सांगते. चाचांच्या वयाच्या डायबेटिसवाल्याची शुगर जेवणानंतर एकशे ऐंशीच्या आत राहिली तर आम्ही खूश असतो. तीनशे बारा म्हणजे खूप जास्त. सत्तरच्या खाली गेली की ती कमी, आणि चौसष्टला घाम सुटतो, हात थरथरतात, डोकं चालत नाही. एका आकड्याला साखर बंद करायची आणि दुसऱ्याला साखर ताबडतोब द्यायची. माणूस एक आणि उपाय उलटे.

"साखर दे," मी म्हटलं.

"तीनशे बारावर?"

"हो. समोर संत्री आहेत ना? चार फळांचा रस काढ आणि पाज."

"मॅडम, अब्बाले संत्रं बंद हाय. तुमीच तर कागद देला."

"मीच दिला, मीच फाडते. आधी पाज."

माझा हिशोब साधा होता. शुगर खरंच तीनशे असेल आणि वर रस पाजला, तर दोन-तीन तास आणखी वाढेल, ती उतरवता येईल. पण ती खरंच साठच्या घरात असेल आणि आपण मशीनकडे पाहत बसलो, तर माणूस बेशुद्ध पडेल. घामानं भिजलेला, तेच तेच विचारणारा माणूस समोर असताना आकड्यांशी वाद घालायचा नसतो.

मी फोन ठेवला नाही. पंधरा मिनिटांनी इमरानचा आवाज बदलला. "आता चांगले हायेत. मले शिव्या देऊन राहिले. म्हनते, रस काढाले एक नंबरचा माल काहून फोडला."

मी खुर्चीला टेकले. चाचा जाग्यावर आले होते.

पण प्रश्न उरलाच होता, आणि तो चार महिन्यांपासूनचा होता.

चाचांची एक वही होती. त्यात ते रोज तीन वेळा शुगर लिहीत. पहाटे घरी, अकरा वाजता गाळ्यावर, चार वाजता गाळ्यावर. पहाटेचे आकडे छान, एकशे दहा, एकशे वीस. गाळ्यावरचे मात्र दोनशे ऐंशी, तीनशे चाळीस. फक्त शुक्रवारी दुपारचा आकडा चांगला असे. एकदा डॉक्टर हसून म्हणाले होते, "शुक्रवारी तुम्ही उपास धरता का, चाचा?" त्यावर चाचाही हसले. पुढे कोणी विचार केला नाही.

लॅबमध्ये केलेली एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरचा सरासरी अंदाज देणारी तपासणी, सहा पूर्णांक आठ आली होती. वहीतले आकडे खरे असतील तर ती खूप वर यायला हवी होती. डॉक्टर म्हणाले, काही लोकांच्या रक्तात ही तपासणी फसते. आपल्या विदर्भात सिकलसेलची शंका तर घ्यावीच लागते. त्यांनी ती टेस्ट लिहून दिली, आणि तोवर वहीवर विश्वास ठेवून गोळी दुप्पट केली. ही गोळी स्वादुपिंडाला दामटून जास्त इन्सुलिन काढायला लावते. त्यानंतर चाचांना गाळ्यावर दोनदा चक्कर आली. दोन्ही वेळा इमराननं तिथंच शुगर तपासली, तीनशेच्या आसपास निघाली, आणि त्यानं बापाला बिनसाखरेचा चहा दिला.

घरात वेगळंच सुरू झालं होतं. इमरानची खात्री होती की अब्बा बाजारात चोरून खातात. त्यानं माझ्यासमोर, चाचांसमोरच सांगितलं, "घरी साधू, बाजारात बालुशाही."

चाचा त्याच्याकडे न पाहता मला म्हणाले, "बेटी, चाळीस साल झाले, मी गिऱ्हाइकाले फळ फोडून दाखवतो. आंबट निंगालं तं आंबट सांगतो. आता या वयात बालुशाहीसाठी खोटं बोलू?"

खरं सांगते, तेव्हा माझाही विश्वास नव्हता. तपासणीच्या तारखेच्या दोन दिवस आधी सगळेच पेशंट सज्जन होतात, हे मी रोज पाहते.

डॉक्टरांनी शेवटी सेन्सर लावायचं ठरवलं. हा रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा गोल तुकडा. दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवतात. त्याची केसासारखी बारीक तार कातडीखाली राहते आणि दर काही मिनिटांनी साखर मोजते. रक्तातली नाही, तर पेशींच्या मधल्या पाण्यातली. म्हणून तो रक्ताच्या थोडा मागे चालतो. चौदा दिवस दिवसरात्र मोजतो आणि फोनवर त्याची रेघ दिसते. बोटाला टोचलं की एका क्षणाचा फोटो मिळतो. सेन्सर सगळा दिवस दाखवतो. फोन इमरानकडे राहणार होता. त्याच्या मनात सेन्सरनं अब्बाची चोरी पकडायची होती.

सोमवारी सेन्सर लावला. पुढच्या सोमवारी डॉक्टर निर्णय घेणार होते, आणि तो बहुतेक ठरलाच होता. इन्सुलिन. चाचांना सुईची भीती नव्हती. ते मला म्हणाले होते, "इन्सुलिन लागलं का हा इमरान मले शेंदूरजनाघाटले जाऊ देनार नाई. म्हनन, रस्त्यात काई झालं तं? अन् बाग नाई पाह्यली तं मी कायचा बागवान?" बहार आला की चाचा स्वतः गाडी घेऊन त्या भागातल्या बागा पाहायला जातात. झाडाखाली उभं राहून माल बोलतात, म्हणजे भाव ठरवतात. तोच त्यांचा जीव.

आणि गुरुवारी हा फोन.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"रस दिलात ते बरोबर केलंत," ते म्हणाले. "पण तायडे मॅडम, लावल्यावर पहिले एक-दोन दिवस सेन्सर इकडे तिकडे दाखवतो. वही चार महिन्यांची आहे, सेन्सर तीन दिवसांचा."

"सर, घाम तर सेन्सरला नाही सुटला. चाचांना सुटला."

"घाम दहा कारणांनी सुटतो. सोमवारपर्यंत मला दाखवा काय ते. तोवर वाढवलेली गोळी थांबवा, जुन्या डोसवर आणा. पण शुगर खरंच तीनशे असेल, तर सोमवारी इन्सुलिन. आणखी वाट पाहणार नाही."

शनिवारी मी क्लिनिकचं ग्लुकोमीटर पर्समध्ये टाकलं आणि बाजारात गेले.

आंबिया बहाराचा माल भरात होता. गाळ्यात पुरुषभर ढीग, हमालांची ये-जा. चाचा खांद्यावर लाल दुपट्टा टाकून ढिगापाशी बसले होते. गिऱ्हाईक आलं की चाचा ढिगातून एक फळ उचलत. वरचं नाही, हात घालून मधलं. अंगठ्याचं नख सालीत रुतवत, एका झटक्यात फळाचे दोन भाग करत आणि फाक गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवत. चव घ्या, मग भाव बोला. बोटावरून रस ओघळे. चाचा हात दुपट्ट्याला पुसत आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळत. चाचा स्वतः फाक तोंडात टाकतात का, हे मी डोळ्यात तेल घालून पाहत होते. त्यांनी एकदाही टाकली नाही. असं मी चार वेळा पाहिलं आणि मला काहीही दिसलं नाही. एम.एस्सी. झालेली मी.

पाचवं फळ त्यांनी माझ्यासाठी फोडलं. "खा बेटी. तुह्यावर काई बंदी नाई."

मी उभ्या उभ्या खाल्लं, रुमालाला हात पुसला.

अकरा वाजता चाचांनी शुगर तपासली. मी शिकवलं होतं अगदी तसंच. स्पिरिटच्या कागदी बोळ्यानं बोट पुसलं, वाळू दिलं, टोचलं. दोनशे अठ्ठ्याण्णव. सेन्सर म्हणे सत्त्याण्णव. मी क्लिनिकचं मीटर काढलं. त्याच बोटावर, तीनशे चार.

दोन मशीन एका बाजूला, सेन्सर एकटा. इमराननं माझ्याकडे पाहिलं. मलाही वाटलं, डॉक्टर बरोबर आहेत.

फक्त एक शंका राहिली होती, क्लिनिकचं मीटरच बिघडलं असेल तर? ते तपासायचा सोपा मार्ग म्हणजे शुगर नसलेला माणूस. मी माझ्याच बोटाला स्पिरिट लावलं आणि टोचलं.

दोनशे त्रेचाळीस.

बाजूचा हमाल वाकून पाहत होता. "मॅडमले बी हाय," त्यानं जाहीर केलं. दुसऱ्यानं कारल्याचा रस सांगितला, सकाळी उपाशीपोटी. सगळे हसले. मला हसू येईना. माझ्या आईला डायबेटिस आहे. सहा महिन्यांपूर्वी माझी तपासणी साफ होती.

चाचा हसले नव्हते. ते मशीनकडे नाही, माझ्या हाताकडे पाहत होते.

"हात दे पाहू."

त्यांनी माझा अंगठा आणि बोट एकत्र दाबलं आणि सोडलं. दोन्ही किंचित चिकटून मग सुटले.

"हात धुतला का?"

"पुसला. स्पिरिट लावलं ना."

"पुसला म्हंजे धुतला होते का?" चाचा उठले. "संत्र्याचा रस दुपट्ट्यानं जात नाई बेटी. त्याची साखर बोटावर बसते. मले मालूम हाय ना. नमाजच्या आंधी साबन लावून घासतो, तवा कुठं हात सुटते."

ते शेडच्या टोकाच्या नळाकडे निघाले. मी मागे, इमरान माझ्या मागे. चाचांनी साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, जसे ते रोज धुतात, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मग मी धुतले. हात कोरडे केले, दुसऱ्या बोटाला टोचलं.

चाचा, एकशे दोन. मी, चौऱ्याण्णव. सेन्सरवर चाचा, नव्याण्णव.

इमराननं फोन खिशात घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला.

गोष्ट इतकी बारीक होती. मीटरला तिळाएवढं रक्त लागतं. तेवढ्याशा थेंबात बोटावरची न दिसणारी फळाची साखर मिसळली की आकडा एकदम चढतो. स्पिरिटनं जंतू मरतात. वाळलेली साखर त्या एका पुसण्यानं जात नाही, तिला पाणी लागतं. पहाटे चाचा नमाज पढून मग शुगर तपासत, म्हणजे वजूमध्ये हात धुतलेले. शुक्रवारी ते मशिदीतून आल्या आल्या, पुन्हा फळाला हात लावायच्या आधी तपासत, तेव्हाही धुतलेले. त्या वहीत चार महिने उत्तर लिहिलेलं होतं. आम्ही फक्त आकडे वाचले. त्या आकड्याआधी माणूस काय करून आला, ते वाचलं नाही.

आणि चूक कोणाची होती? माझी. आमच्या छापील कागदावर पहिली ओळ आहे, साबणानं हात धुवा. चाचांनी मला विचारलं होतं, गाळ्यापासून नळ दूर आहे, काय करू? मीच म्हणाले होते, स्पिरिटचा बोळा चालतो. शिकवताना आपण पेशंटची सोय पाहतो. पण मी सोय सांगितली ती ज्या माणसाचे हात दिवसभर संत्र्याच्या रसात असतात त्याला. माझे बाबा अंजनगाव सुर्जीला पानमळ्यात मजुरीनं जायचे. भाकरीला हात लावायच्या आधी माती लावून हात घासायचे. हाताला चिकटलेलं काम पुसून जात नाही, हे मी त्यांच्याकडे पाहत मोठी झाले. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली. अमरावतीला होस्टेलवर राहून डिग्री घेतली, तिचा मला अभिमान आहे आणि राहील. पण घरून फुकट मिळालेलं ज्ञान मी तिथं जाताना खुंटीवर टांगून गेले होते की काय, असं त्या नळापाशी वाटलं.

दुपारी डॉक्टरांना सगळं सांगितलं, बोळ्याची गोष्टसुद्धा.

ते म्हणाले, "हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं."

"म्हणूनच सांगितलं, सर."

त्यांनी मान हलवली. मग वही पुढे ओढली आणि शुक्रवारचे आकडे एकेक करून पेन्सिलनं गोल केले. शेवटी म्हणाले, "आणि मी यांना उपासाचं विचारत होतो."

सोमवारी चाचा आले. इन्सुलिनचं नाव निघालं नाही. जुन्या डोसवर आल्यापासून सेन्सरची रेघ एकदाही सत्तरच्या खाली गेली नव्हती, तोच डोस कायम झाला. डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत माफी मागितली. मी माझी मागितली. मग डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला, जो माझ्याही मनात होता. "चाचा, आकडे तुमच्या विरुद्ध जात होते. घरात बोलणी खात होता. पुष्कळ लोक अशा वेळी वहीत बरा आकडा लिहितात. तुम्ही का नाही लिहिला?"

"जो आला तो लिहिला," चाचा म्हणाले. "मशीन खोटं का मी खोटा, ते पाहनं तुमचं काम."

चाचांनी एक जरी आकडा दुरुस्त केला असता, तरी त्या वहीतला शुक्रवार सापडला नसता. माझ्या नोकरीत मी शेकडो वह्या पाहिल्या आहेत. इतकी सरळ दुसरी पाहिली नाही.

इमराननं बापाची माफी मागितल्याचं मी ऐकलं नाही. पण दुसऱ्या दिवशी गाळ्यावर तोटीचा मोठा कॅन आला, खाली बादली, वर साबणदाणी. चाचांना दाखवून तो फक्त म्हणाला, "नळ दूर पडते ना."

सेन्सरचे सात दिवस उरले होते. मला वाटलं, चाचा आता काढून टाका म्हणतील. त्यांनी उलट केलं. या चार महिन्यांत कोणाला न दिसलेली एक गोष्ट त्यांना रेघेत दिसली होती. सकाळी सातला बाजारात चहा आणि चार टोस्ट झाले की रेघ सरळ दोनशे दहाला जायची आणि दोन तासांनी धपकन खाली यायची. आम्ही अकराच्या खोट्या डोंगराशी भांडत होतो, सातचा खरा डोंगर कुठल्याच मीटरनं पकडला नव्हता. त्या वेळी कोणी तपासतच नव्हतं.

चाचांनी त्याची प्रतवारी सुरू केली. जसा माल लावतात तशी. वहीत नवं पान उघडलं, तीन रकाने पाडले. एक नंबर, दोन नंबर, आणि सगळ्यात खालची प्रत म्हणजे ज्यूसचा माल. चहा-टोस्ट ज्यूसच्या मालात गेले. ज्वारीची भाकर आणि डाळ घरून खाऊन निघाले त्या दिवशी रेघ एकशे पन्नासवर वळली, ती एक नंबर. पोहे दोन नंबर, पण शेंगदाणे जास्त आणि नंतर बाजाराला एक चक्कर मारली तर एक नंबरच्या जवळ. त्यांनी तेच पोहे एक दिवस बसून खाल्ले आणि एक दिवस चालून, फरक पाहायला. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी कॉलेजात हेच शिकले होते, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चाचा चौथीपर्यंत शिकलेत.

सातव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "अन् संत्रं?"

मी म्हटलं, जेवणानंतर एक खाऊन पाहा, रस नको, फाका चावून. त्यांनी खाल्लं. रेघ एकशे बासष्टला जाऊन परतली. चाचांनी कोणत्या रकान्यात लिहायचं याचा बराच विचार केला आणि दोन नंबरमध्ये लिहिलं. सहा वर्षांपूर्वी मीच बंद केलेलं फळ होतं ते. एक नंबर लिहायचा मोह मला झाला असता.

पुढची एचबीएवनसी सहा पूर्णांक सहा आली. सिकलसेलची टेस्ट निगेटिव्ह. त्या बहारात चाचा तीनदा शेंदूरजनाघाटला जाऊन आले. गाडी इमराननं चालवली, पण माल चाचांनी बोलला.

आमच्या क्लिनिकमध्ये शुगर तपासायच्या टेबलाशेजारी आता बेसिन आहे. नवीन पेशंटला मी आधी नाव विचारते, मग काम काय करता ते, आणि मग हात पाहते. लोकांना वाटतं मी भविष्य सांगणार. दूधवाला, मिठाईवाला, फळवाला असला तर साबण पुढे करते.

मशीन तेव्हाही खोटं बोललं नव्हतं. आम्ही त्याला संत्रं मोजायला दिलं, आणि आलेलं उत्तर चाचांच्या नावावर लिहून टाकलं.